रेल्वे अपघातात गेलेल्यांच्या नातेवाईकांसोबत बसते. हे काम सोडावं का?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांचे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तेवढं समजून घ्या.

मी कळव्याला राहते. नोकरी ऐरोलीत, एका कंपनीच्या हिशेब विभागात. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली, तेव्हा मी कळव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत होते. गाड्या थांबल्या, मग बातमी आली. त्या आठवड्यात मी एका संस्थेत नाव दिलं. प्रशिक्षण झालं आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी जाते.

काम असं, की लोकलमधून पडून किंवा रूळ ओलांडताना कोणी गेलं की लोहमार्ग पोलीस घरच्यांना फोन करून रुग्णालयात बोलावतात. फोनवर बहुतेक वेळा 'अपघात झालाय, लवकर या' एवढंच सांगितलेलं असतं. ते धावत येतात. तिथपासून ओळख पटवणं, पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणि बॉडी ताब्यात मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याजवळ थांबतो. पाणी देणं, बसायला जागा करून देणं, कुठल्या खिडकीवर काय कागद लागतो ते सांगणं. बोलले तर ऐकायचं, नाही बोलले तर गप्प बसायचं. प्रशिक्षणात शिकवलेलं 'पाहा, ऐका, जोडून द्या' मला मनापासून पटलं होतं, आजही पटतं.

तिथे मला काही होत नाही. रडू येत नाही, हात थरथरत नाहीत. होतं ते सोमवारी. एका बाईंनी नवऱ्याला चपलेवरून ओळखलं. अंगठ्याजवळ तुटलेली चप्पल त्यांनी स्वतः घरच्या काळ्या दोऱ्याने शिवली होती. 'हा टाका माझा आहे' म्हणाल्या आणि खाली बसल्या. तेव्हापासून मी लोकलमध्ये माणसांच्या पायांकडे बघते. दारात उभ्या असलेल्या मुलांचे बूट, त्यांच्या नाड्या, कोणाच्या चपलेचा रंग. बघू नये म्हटलं तरी नजर तिथेच. नवऱ्याला यायला थोडा उशीर झाला की फोन करते, त्याने उचलला नाही तर पुन्हा करते. तो चिडत नाही, पण परवा म्हणाला, 'बास झालं आता हे.' आई म्हणते, अशा ठिकाणाहून आलीस की आंघोळ केल्याशिवाय देवाजवळ जाऊ नकोस. संस्थेतल्या ताई म्हणतात, होईल सवय.

आणि एक सांगायला जड जातंय, तरी सांगते. आठवडाभर ऐरोलीत जे करते त्यातलं काही मला रविवारच्या त्या चार तासांएवढं खरं वाटत नाही. परत येताना समाधान असतं. कोणाच्या तरी घरावर एवढं कोसळलेलं असताना मला समाधान कसं वाटतं, हा विचार मग रात्री झोपू देत नाही.

ज्यांनी हे किंवा असं काम बराच काळ केलंय त्यांना विचारायचंय: हे ओसरतं का? तुम्ही टिकलात कसे? की नवऱ्याचं ऐकून थांबावं?

सिस्टर_नौपाडा

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

मी ठाणे जिल्ह्यात सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीला. निवृत्त झाल्यावर जळीत बायकांच्या घरच्यांसोबत बसायला लागले आणि अजून बसते. म्हणून लिहायचा अधिकार आहे असं धरून लिहिते.

सवय होईल असं जे तुला सांगतायत ते मनावर घेऊ नकोस. सवय झालेली माणसं मी पाहिली आहेत. ती भराभर बोलतात, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघतात. तुला तसं व्हायचं नाहीये आणि तू तशी होणारही नाहीस, नाहीतर चपलेवरचा टाका तुझ्या लक्षात राहिला नसता. इतकी वर्षं झाली तरी मला सवय झालेली नाही. मला पद्धत सापडली, आणि ती नोकरीतच शिकलेली होती.

आमची ड्युटी संपली की आम्ही 'ओव्हर' द्यायचो. पुढच्या पाळीची सिस्टर आली की तिच्यासोबत एकेका खाटेजवळ उभं राहायचं. चार नंबरचं सलाईन किती राहिलंय, सात नंबरच्या म्हाताऱ्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, नऊ नंबरचा मुलगा अजून पोचलेला नाही. मग रजिस्टरवर सही करायची. त्या सहीनंतर ती माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असायची आणि मी बसस्टॉपवर उभी राहू शकायचे. घरी येऊन वाईट वाटायचं, पण ओझं वॉर्डात राहिलेलं असायचं.

स्वयंसेवकाला ओव्हर नसतो. तू चार वाजता फाटकातून बाहेर पडतेस तेव्हा त्या बाईंची सगळी दुपार तुझ्याबरोबर येते, आणि ती घ्यायला समोर कोणी उभं नसतं. सोमवारी पायांकडे बघतेस ते त्यामुळे, असं मला वाटतं. तुझी पाळी संपलेलीच नसते.

तर आधी एक माणूस ठरव. नवरा नको, आई नको. हे काम केलेलं कोणीतरी. निघताना, रिक्षात बसायच्या आधी, त्याला फोन कर. दहा मिनिटं पुरतात. आज काय केलं, काय राहिलं, एवढंच सांगायचं. रक्तमांसाचं वर्णन करायचं नाही, त्याने ऐकणाऱ्याच्याही डोक्यात चित्र बसतं. आणि ऐकणाऱ्याने एक प्रश्न न चुकता विचारायचा: 'आता त्यांच्याजवळ कोण आहे?' याचं उत्तर द्यायला लागलीस की तुझ्या लक्षात येईल, बहुतेक वेळा कोणीतरी असतं. दीर असतो, चाळीतली शेजारीण असते, गावाहून निघालेला मेव्हणा कल्याणपर्यंत आलेला असतो. तू निघालीस म्हणून ती बाई उघड्यावर पडलेली नाही. आणि खरोखरच कोणी नसेल, तर तेव्हाच परत फिरून काहीतरी व्यवस्था करता येते, रात्री अंथरुणात ती येत नाही.

दुसरं, एकटी जाऊ नकोस. कधीच नाही. दोघांनी जायचं, एकाने बसायचं आणि एकाने धावपळ करायची. बसणाऱ्याला झेरॉक्ससाठी उठायला लागलं की सगळं विस्कटतं. संस्था देत नसेल तर मागून घे.

तिसरं, शवागाराच्या आत जाऊ नकोस. ओळख पटवायचं काम घरच्यांचं आणि पोलिसांचं. तू दाराशी थांब. नवीन मुलंमुली धीर दाखवायला आत जातात. त्याने नातेवाईकांना काही मिळत नाही, आणि स्वतःच्या डोक्यात मात्र कायमचं काहीतरी घेऊन येतात. घरच्यांनीच हात धरून नेलं तर गोष्ट वेगळी, तेव्हाही बघायचं त्यांच्याकडे.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याची इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत मदतीला इतके लोक आले की पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा नव्हती. आठवडा झाला आणि जखमी अजून वॉर्डात, पण विचारायला येणारं कोणी उरलं नाही. आलेली मुलं वाईट नव्हती. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी झोप, जेवण सगळं सोडलं आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडली. मी तेव्हापासून नवीन येणाऱ्याला आधी विचारते, डबा आणलास का? डबा न आणणाऱ्याला मी बसू देत नाही.

आता समाधानाचं. एकदा शहापूरच्या आतल्या गावातले एक बाप होते. तरुण मुलगा गेला होता. सकाळपासून एक शब्द बोलले नाहीत, चहा तसाच गार झाला. मीही बोलले नाही. संध्याकाळी सगळं आटोपलं, गावची माणसं बॉडी गाडीतून घेऊन पुढे गेली आणि गाडीत जागा नाही म्हणून हे मागे राहिले. मुलाच्या बापाला जागा नाही! तेव्हा पहिल्यांदा बोलले, 'आसनगाव मिळेल का आता?' मी त्यांच्याबरोबर स्टेशनला गेले, तिकीट काढलं, गाडीत बसवलं, समोर बसलेल्या दोघांना सांगितलं की यांना आसनगावला उतरवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्या रात्री गाढ झोप लागली. मुलगा परत आणणं माझ्या हातात नव्हतं, पण बाप अग्नी द्यायला वेळेत पोचला. हे समाधान त्यांच्या दुःखावर पोसलेलं नाही गं. जे करण्याजोगं होतं ते झालं, याचं आहे. ते वाटू दे.

आणि आईचं ऐक. आंघोळ कर. सोवळ्याओवळ्याचं तुझं तू ठरव, पण दिवस संपल्याचं अंगाला कळायला काहीतरी लागतं.

वाशीकर

मी मानसोपचार क्षेत्रात काम करतो. सिस्टरांनी जे अनुभवातून सांगितलं त्याला पुस्तकातला आधार आहे, तेवढी भर घालतो.

तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे, दुय्यम आघात, म्हणजे दुसऱ्यावर कोसळलेल्याचा जवळ बसणाऱ्यावर होणारा परिणाम. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ च्या सुमारास यावर सविस्तर मांडणी केली. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तर कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही आघाताला सामोरं जाणंच मानलं आहे. म्हणजे तुम्ही कमजोर आहात म्हणून हे होत नाही. तुम्ही जिथे बसता तिथे हे होऊ शकतं.

पायांकडे नजर जाणं, फोन न उचलल्यावर घाबरणं, झोप न लागणं ही दक्षता आहे, शरीर धोका शोधत राहतं. काम थांबवल्यावर काही आठवड्यांत हे बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही कमी झालं नाही, लोकलमध्ये चढणंच टाळायला लागलात किंवा घरच्यांपासून तुटल्यासारखं वाटलं, तर वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं, २४ तास, मोफत. ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, १९९० पासून. मदत करणाऱ्याने मदत घेणं हा कामाचाच भाग आहे.

एका बाबतीत सावध करतो. काही ठिकाणी मोठी घटना झाली की सगळ्या स्वयंसेवकांना एकदाच गोल बसवून 'काय काय पाहिलं ते सांगा' म्हणतात. हेतू चांगला असतो. पण एका बैठकीत सगळं सांगायला लावल्याने पुढचा आघात टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि काहींना त्याने त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही आपद्ग्रस्तांना बोलायला भाग पाडू नका असंच सांगते. सिस्टरांचा ओव्हर वेगळा आहे. तो छोटा आहे, त्यात दृश्यं नाहीत, आणि तो प्रत्येक पाळीनंतर होतो.

समाधानाबद्दल: २००७ साली कोलंबियात राजकीय हिंसाचार सोसलेल्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांच्या मुलाखतींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आघात जसा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तशी समोरच्याची उभं राहण्याची ताकदही पोचते, असं त्यात दिसलं. तुम्ही दोन्ही अनुभवताय. फक्त पहिल्याची नोंद घेताय आणि दुसऱ्याला गुन्हा समजताय.

सिस्टरांशी एका ठिकाणी मतभेद. पद्धत बदलून लगेच पुढच्या शनिवारी जाण्यापेक्षा मी आधी महिनाभर थांबा म्हणेन. सोडायचं नाही, थांबायचं.

दिव्याहून

मी दुसऱ्या बाजूची आहे. २०१९ साली माझे मिस्टर गाडीतून पडून गेले. लिहू की नको असं झालं होतं, पण ताई सोडायचं म्हणतायत म्हणून लिहिते.

त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं. नातेवाईक कोण कोण आले ते आठवत नाही. एक बाई होत्या, तुमच्यासारख्याच कुठूनतरी आलेल्या, त्या आठवतात. त्यांनी मला खुर्ची दिली नाही, भिंतीला टेकून खाली बसवलं, कारण मी खुर्चीवरून पडले असते. माझा फोन त्यांच्या हातात होता. कोणाचा फोन आला की नाव वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, उचलू का? मी मान हलवली तरच उचलायच्या. त्या दिवशी माझ्या मनाप्रमाणे झालेली तेवढी एकच गोष्ट.

खिशात तिकीट सापडलं नव्हतं. जमलेल्यांपैकी एकजण तिथेच म्हणाला, तिकीट नाही म्हणजे काही मिळणार नाही. त्या बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. एका कागदाच्या मागे मला लिहून दिलं: घरी गेल्यावर पास शोधा. पंचनाम्याची, पीएम रिपोर्टची प्रत घ्या. भरपाईसाठी रेल्वे क्लेम ट्रिब्युनलमध्ये वर्षाच्या आत अर्ज करा. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, वकिलाला रीना देवीचा निकाल म्हणा. तेव्हा त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. चार-पाच महिन्यांनी कागद कपाटात सापडला. पास दुसऱ्या पॅंटच्या खिशात होता. गाडीतून पडून मृत्यू झाला तर ८ लाख मिळतात हे मला वकिलाकडे गेल्यावर कळलं. वेळ लागला पण पैसे मिळाले. मुलीचं कॉलेज त्यातून चाललंय.

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांनाही घरी जाऊन झोप आली नसेल हे आज तुमचं वाचून पहिल्यांदा मनात आलं. त्यांना पुढचं काही कळलं नाही ना, कागद सापडला, पास सापडला. तुमच्या त्या टाक्याच्या बाईंचंही पुढचं तुम्हाला कळणार नाही. म्हणून मी माझं सांगितलं.

संस्थेला जोडीला माणूस लागत असेल तर मला रविवारी जमतं.

निवृत्त मोटरमन

ताई, सिस्टर, सगळ्यांना नमस्कार. मी मध्य रेल्वेवर लोकल चालवली. एक बाजू राहिली म्हणून थोडक्यात लिहितो.

माणूस समोर दिसतो, आपण हॉर्न देतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो. गाडी भरधाव असेल तर थांबायला शेकडो मीटर लागतात, ते हातात नसतं. पुढे स्टेशनला मेमो द्यायचा. मागे गाड्या खोळंबलेल्या, हजारो माणसं डब्यात. काही वेळा तो माणूस शेवटच्या क्षणी वर बघतो. त्याचे घरचे रुग्णालयात पोचतात तेव्हा आम्ही लॉबीत, म्हणजे मोटरमनच्या ड्युटीच्या खोलीत, बसलेलो असतो.

मला पहिल्यांदा असं झालं तेव्हा लॉबीत एक सीनियर होते, त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः न जेवता बसून राहिले. काही विचारलं नाही. डबा न आणणाऱ्याला बसू देत नाही हे सिस्टरांचं वाक्य वाचून ते आठवले.

नातेवाईक कधी कधी तुमच्यासमोर मोटरमनला शिव्या देत असतील. देऊ द्या, त्यांचा हक्क आहे. पण कधी कोणी शांतपणे विचारलं, ब्रेक मारला नसेल का, तर सांगा की मारला असेल.

खाडीपलीकडची

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. त्याने दिव्याच्या ताईंचं दोनदा वाचलं आणि काही बोलला नाही, पण 'बास झालं' हेही पुन्हा म्हणाला नाही.

वाशीकरांचं ऐकून महिनाभर थांबते. संस्थेत काल बोलले. जोडीने पाठवायला ते तयार आहेत, माणसं कमी आहेत ही त्यांची अडचण खरी आहे. ओव्हरचं सांगितलं तर तिथली दुसरी एक मुलगी म्हणाली, मलाही असा फोन करायला कोणीतरी हवंय. तीही माझ्यासारखीच रात्री जागते हे मला माहीत नव्हतं, आम्ही कितीदा एका रिक्षाने घरी गेलोय.

मोटरमनकाका, तुमचं शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय. तो प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिस्टर, महिन्यानंतर तुम्हाला फोन केला तर चालेल का? आणि दिव्याच्या ताईंना काय सांगू?

सिस्टर_नौपाडा

नंबर व्यनिने, म्हणजे खाजगी निरोपात, पाठवलाय. दोन ते चार मी झोपते, बाकी केव्हाही. त्या दुसऱ्या मुलीलाही दे.

दिव्याच्या ताई, तुम्ही या. पण थेट रुग्णालयात नको. तिथला वास, ती खिडकी, सगळं पुन्हा समोर येईल आणि शेजारच्या बाईच्या आधी तुम्हालाच धरावं लागेल. वाशीकरांसारख्या कोणाशी आधी एकदा बोलून घ्या. तोवर आमच्याकडे बुधवारी दुपारी क्लेमचे कागद लावायचं काम असतं, घरच्यांना महिन्या-दोन महिन्यांनी बोलावतो तेव्हाचं. कुठला कागद कुठून आणायचा हे तुमच्याएवढं आमच्यात कोणाला माहीत नाही. डबा घेऊन या.